गार उंदीर आणि रुसलेला अजगर

संध्याकाळी सात वाजता पेटीत ठेवलेला मेलेला उंदीर रात्री दहालाही जागच्या जागी पडलेला. बॉल पायथन जातीचा अजगर त्याच्या अंगावरून एकदा सरपटत गेला, दोनदा जीभ लपलपवली आणि परत आपल्या ढोलीत शिरून वेटोळं घालून बसला. मागच्या महिन्यापर्यंत याच पेटीत जिवंत उंदीर सोडला, की आपली पापणी लवायच्या आत तो झडप घालायचा (त्याला स्वतःला पापण्या नसतातच). अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा साप बरेच जण घरी पाळतात आणि हा प्रसंग तिथल्या बहुतेक पाळणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्यांचं निदानही ठरलेलं: साप हट्टी आहे.

मला हे निदान पटत नाही. 'जिवंत' आणि 'मेलेला' हे कप्पे आपले आहेत. सापाला हव्या असतात तीन-चार खुणा: वास, ऊब, हालचाल. त्या जुळल्या तर ते अन्न, नाही जुळल्या तर नुसता अडथळा. फ्रिजमधून आलेल्या उंदराच्या बहुतेक खुणा पुसल्या गेलेल्या असतात, एवढीच त्याची चूक.

पण मुळात जिवंत उंदराची सवय मोडायची कशाला? कारण पेटीत जिवंत उंदीर सोडला की धोका दोघांनाही असतो. सापाला भूक नसेल आणि उंदीर रात्रभर आत राहिला, तर भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीची कातडी आणि मांस खाऊन कणा उघडा पडलेले साप पशुवैद्यांकडे येतात. त्यातले काही दगावतात. उंदराची दहशत आणि वेदना हा भाग वेगळाच. शिवाय गोठवलेले उंदीर महिन्याभराचे एकदम आणून ठेवता येतात.

आता या रुसणाऱ्या प्राण्याविषयी. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. ब्रिटिश लोक त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. दिवसा तो उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो. उपास करण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. धडधाकट साप कित्येक महिने, क्वचित वर्षभरही काही न खाता राहतो. बसून राहणाऱ्या थंड रक्ताच्या प्राण्याला इंधन फारच थोडं लागतं. मालकाचा जीव मात्र दुसऱ्याच आठवड्यात टांगणीला लागतो.

म्हणून आधी साप भुकेला आहे का ते पाहायचं. कात टाकायला आला असेल, डोळे दुधाळ दिसत असतील, तर जेवणाचा विषयच काढू नये. विणीच्या हंगामात बरेच नर खात नाहीत. पेटीची उबदार बाजू साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस नसेल, तर पचवता येणार नाही म्हणून तो खातच नाही. लपायला अंधारी, अंगाला घट्ट बसणारी जागा नसेल तरीही तेच. दर आठवड्याला वजन करावं. दहा टक्क्यांच्या आसपास घट झाली, तर प्रयोग थांबवून सरीसृपांचा जाणकार पशुवैद्य गाठावा.

खरी गंमत उबेची आहे. अजगराच्या ओठांवरच्या खवल्यांत बारीक खळगे असतात. ते उष्णता 'पाहतात', म्हणजे भक्ष्याच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण टिपतात. (आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यालाही असा खळगा असतो, पण तो डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध.) हे खळगे कशाच्या जोरावर चालतात ते २०१० साली कळलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने रॅटलस्नेक, बोआ आणि अजगर यांच्या मज्जातंतूंच्या पेशी तपासल्या. त्यांना उष्णता ओळखणारं जे प्रथिन सापडलं, त्याचं नाव टीआरपीए१. माणसाच्या अंगात हेच प्रथिन मोहरीचा झणका ओळखतं. आपल्या नाकात फेसलेल्या मोहरीने जो ठणका उठतो, त्याच जातीच्या प्रथिनाच्या दारातून सापाला अंधारात उंदीर 'दिसतो'. ज्युलियस यांना स्पर्श आणि तापमान कसं जाणवतं यावरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

हा खळगा आकडा वाचत नाही, फरक वाचतो. मागच्या गार भिंतीपेक्षा पुढची वस्तू उबदार असेल तरच ती उठून दिसते. खोलीच्याच तापमानाचा उंदीर या नजरेला भिंतीसारखाच. म्हणून गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून आतपर्यंत वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. वरून ३८ अंशांच्या आसपास आला की झालं. मायक्रोवेव्ह वापरू नये, उंदीर आतून शिजतो आणि कधी फुटतोही. उंदीर थेट पाण्यातही टाकू नये. ओल्या केसांतलं पाणी उडताना ऊब घेऊन जातं आणि तो माठासारखा गार पडतो. पिशवीतला कोरडा उंदीर बराच वेळ ऊब धरतो. सगळ्यात गरम डोकं असावं, झडप बहुधा तिथेच पडते. साल्मोनेला जिवाणू गोठवल्याने मरत नाहीत, त्यामुळे ही भांडी स्वयंपाकघरातली नसावीत. हात साबणाने धुवावेत, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी खूण वासाची. साप वास घेतो तो मुख्यतः जिभेने. दुभंगलेली जीभ हवेतले आणि जमिनीवरचे कण उचलून टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. अमेरिकेतले गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कधीच काही न खाल्लेल्या गार्टर सापाच्या पिल्लांपुढे त्यांनी वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले. पिल्लांनी आपल्या जातीच्या खाण्यातल्या वासांवर जीभ जोरात चालवली, काहींनी तर बोळ्यावरच हल्ला केला. म्हणजे वासाची यादी जन्मतःच सोबत असते. नायजेरियातल्या एका अभ्यासात ७० सेंटिमीटरपेक्षा लहान बॉल पायथन मुख्यतः पक्षी खाताना आढळले, मोठे झाल्यावर उंदरांकडे वळतात. तेव्हा एखाद्या लहान सापाने पांढऱ्या उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर उंदरावर कोंबडीच्या पिल्लाची पिसं चोळून पाहण्यात अर्थ आहे. जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसाही चालतो. बेडूक खाणाऱ्या हॉगनोज सापाचे शौकीन उंदराला बेडकाचा वास लावतात. आमटीला फोडणी द्यावी, तसाच हा प्रकार.

मेलेलं खाणं सापाला अगदी परकं आहे, असंही नाही. २००२ साली ट्रॅव्हिस डीव्हॉल्ट आणि एरन क्रोखमल यांनी रानातल्या सापांच्या जुन्या नोंदी चाळल्या. साप मेलेलं भक्ष्य खातात, तेही समजलं जातं त्याहून बरंच अधिक, असं त्यांना दिसलं.

बदल टप्प्याटप्प्याने केलेला बरा. जिवंतानंतर नुकताच मेलेला, अजून ऊब असलेला उंदीर. तो दोन-तीनदा खाल्ला की मग गोठवून वितळवलेला. वेळ संध्याकाळनंतरची, दिवे मंद. लांब चिमट्याने शेपटाजवळ धरून ढोलीच्या तोंडासमोरून हळू न्यायचा. थेट तोंडावर नेला तर साप घाबरून चेंडू होतो. नकार आला तर तासाभराने काढून घ्यायचा आणि आठ-दहा दिवस नाव काढायचं नाही. रोज रोज पुढे करणं, इथेच बहुतेक जण चुकतात.

वाचून कुणाला साप आणावासा वाटलाच, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. धामण असो वा अजगर, आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

समजा झडप पडली. इथे एक फसगत उरते. काही साप उंदीर पकडतात, विळखा घालतात आणि क्षणात सोडून निघून जातात. २०१२ साली पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदरांच्या छातीत पाण्याने भरलेलं, पंपाने धडधडणारं नकली हृदय बसवलं आणि ते उंदीर बोआंना दिले. धडधड चालू असेतो बोआ आवळत राहिले. ती बंद केल्यावर विळखा ढिला पडला. जिवंत भक्ष्य कधीच न पाहिलेल्या, बंदिवासात जन्मलेल्या सापांनाही ती धडधड कळली.

आपल्या उंदराला हृदय बसवायची गरज नाही. झडप पडल्यावर चिमटा लगेच काढून घ्यायचा नाही. शेपूट धरून दोन-चार हलके हिसके द्यायचे, उंदीर सुटायला धडपडतोय असे. विळखा आवळला जातो. मग दिवा मालवून खोलीबाहेर जायचं. थोड्या वेळाने साप विळखा सोडतो आणि जीभ लपलपवत उंदराचं डोकं शोधायला लागतो, कारण तिकडून गिळलं तर पाय आणि केस आडवे येत नाहीत.