मुरवलेली रम : आस्वादन व तुलना

उसाचा रस, काकवी किंवा साखर कारखान्यातील मळी आंबवून, तिचे ऊर्ध्वपातन करून आणि मिळालेले मद्य लाकडी पिंपांत काही वर्षे ठेवून जी रम तयार होते ती मुरवलेली रम. कोला, सोडा न घालता ती घोटाघोटाने घेऊन वास, चव, दाटपणा आणि गिळल्यानंतर मागे उरणारी चव पारखणे म्हणजे तिचे आस्वादन. ‘जुनी’ हा प्रचारातला शब्द टाळून येथे ‘मुरवलेली’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. लोणचे मुरते तशी रमही मुरते, पण ती पिंपात. काचेच्या बाटलीत वीस वर्षे पडून राहिलेली रम जुनी होते, मुरत नाही. काकांच्या कपाटात सापडलेल्या बाटलीविषयीचा आदर म्हणून बहुधा अस्थानी असतो.

‘रम’ या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. बार्बेडोस बेटाविषयीच्या साधारण १६५१ च्या एका हस्तलिखितात उसाच्या मद्याला ‘रंबुलियन’ आणि ‘किल-डेव्हिल’ अशी दोन नावे दिली असून ते जहाल, नरकासारखे पेय असल्याचा शेरा मारला आहे. १६५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या एका मद्यविक्री निर्बंधात ‘रम’ हे लहान रूप दिसते. रंबुलियनचा इंग्लंडातील डेव्हन परगण्याच्या बोलीतला अर्थ गोंधळ, दंगा असा सांगतात. दुसऱ्या मतानुसार हे नाव ऊस किंवा साखर या अर्थाच्या ‘सॅकरम’ या लॅटिन शब्दाचे शेपूट आहे. तिसरे मत ते मलाय भाषेतील ‘ब्रम’ या पेयनामाशी जोडते. इंग्रजी चोरबोलीत ‘रम’ हे विशेषण उत्तम या अर्थी चाले, त्यावरून चौथे मत निघाले. कालक्रम आणि स्थळ या दोन्ही बाजूंनी रंबुलियनचे संक्षिप्त रूप हे मत अधिक सयुक्तिक दिसते. सॅकरमची उपपत्ती मागाहून सुचलेली वाटते, कारण मळ्यातले मजूर आणि खलाशी लॅटिन बोलत नव्हते. संस्कृत ‘रम्’ धातूशी लावला जाणारा संबंध बैठकीत हमखास निघतो. त्याला भाषाशास्त्रीय आधार नाही.

उसाचे मद्य भारतात रमच्या पुष्कळ आधीचे आहे. मनुस्मृतीत गौडी, पैष्टी आणि माध्वी असे सुरेचे तीन प्रकार आहेत. पैकी गौडी गुळाची आणि पैष्टी धान्याच्या पिठाची. माध्वीचा अर्थ काही जण मधाची असा, तर काही टीकाकार मोहाच्या फुलांची असा करतात, आणि विदर्भातील वाचकाला दुसरा अर्थ पटण्याजोगा वाटेल. चरकसंहितेतील मद्यवर्गात उसाच्या मद्यांमध्ये ‘पक्वरस’ आणि ‘शीतरसिक’ असा भेद येतो. पहिले शिजवलेल्या रसाचे, दुसरे कच्च्या रसाचे. मळीची रम आणि ताज्या रसाची फ्रेंच धाटणीची रम या आजच्या मूलभूत भेदाशी हे वर्गीकरण विलक्षण जुळते. मात्र एवढ्यावरून रम भारतीय ठरत नाही. ही पेये आंबवलेली होती. ती ऊर्ध्वपातित होती का, हा वेगळा प्रश्न आहे. तक्षशिला आणि चारसड्डाजवळील शैखान ढेरी येथे मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन यांनी १९७९ मध्ये असे मांडले, की गांधार प्रदेशात इसवी सनाच्या आगेमागे मद्याचे ऊर्ध्वपातन होत असावे. भांडी ऊर्ध्वपातनाची असणे शक्य आहे. त्यांतून मद्यच काढले जाई की सुगंधी अर्क, हे भांड्यांवरून ठरत नाही. निश्चित लेखी पुरावा बराच नंतरचा. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने अलाउद्दीन खिलजीच्या मद्यबंदीचे वर्णन करताना दिल्लीत घरोघर साखरेपासून चोरून दारू गाळली जात असल्याचे लिहिले आहे, आणि ऐन-इ-अकबरीत गुळाच्या दारूची कृती व गाळण्याच्या पद्धती आहेत. उसाची गाळीव दारू कॅरिबियन बेटांच्या आधी भारतात होती असे म्हणण्यास म्हणून हरकत नाही. ती पिंपात मुरवण्याची रीत मात्र तिकडची.

चवीतील फरक मुख्यतः किण्वन, म्हणजे आंबवणे, आणि ऊर्ध्वपातन यांत ठरतो. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा कौतुकाचा शब्द आहे, तो कडक, पाणी न पडलेल्या मालासाठी. भट्टीचा जाणकार मात्र अगदी पहिले थेंब टाकून देतो. त्यांत ॲसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्ये अधिक असतात. मधली धार रमची, शेवटची पुन्हा वेगळी. हंडीसारख्या पॉट स्टिलमध्ये वासाची द्रव्ये जास्त टिकतात, तर उंच स्तंभ-ऊर्ध्वपातकातून निघणारे मद्य हलके आणि स्वच्छ असते. जमेकातील काही कारखाने ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरलेले द्रव्य, ज्याला ते ‘डंडर’ म्हणतात, पुढच्या किण्वनात परत घालतात. महाराष्ट्रातील आसवन्यांत याच द्रव्याला स्पेंट वॉश म्हणतात आणि त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी समजतात. डंडर, रानटी यीस्ट आणि लांबवलेले किण्वन यांमुळे तेथील रममध्ये एस्टरे, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगे, भरपूर तयार होतात. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोॲमिल ॲसिटेटचा, अननसाचा एथिल ब्युटिरेटचा. दर हेक्टोलिटर शुद्ध अल्कोहॉलमागे एस्टरांचे ग्रॅम मोजून तेथे रमच्या प्रती ठरतात. ‘वेडरबर्न’ प्रतीत साधारण २०० ते ३००, तर हॅम्पडन या मद्यशाळेच्या ‘डी.ओ.के.’ या खुणेच्या मालात १,५०० ते १,६०० ग्रॅम. हा दुसरा माल मुळात मिश्रणात थेंबाथेंबाने वापरण्यासाठीचा. तो निखळ पिण्याची हौस अलीकडची आहे.

मुरण्याची क्रिया ओकच्या लाकडात होते. पिंपे बहुधा अमेरिकी बर्बन व्हिस्कीसाठी एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची. लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिन, लॅक्टोनांमुळे खोबऱ्याचा वास, टॅनिनामुळे तुरटपणा. बाष्पीभवनाने दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला इंग्रजीत देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास, कॅरिबियनमध्ये ६ ते ८ टक्के. ७ टक्के धरले तर बारा वर्षांनी पिंपात ४२ टक्केच माल उरतो, २ टक्के धरले तर ७८. म्हणून बार्बेडोसमध्ये बारा वर्षे राहिलेली रम आणि तेथून कोवळी असताना युरोपात नेऊन बारा वर्षे ठेवलेली रम या एका वयाच्या धरणे चूक आहे. उष्णतेत लाकडाचे अंश लवकर उतरतात, उरलेला माल दाट होतो. हवेतील ओलाव्याचा परिणाम आणखी निराळा. दमट कोठारात अल्कोहॉल जास्त उडून मद्य सौम्य होत जाते, कोरड्या हवेत पाणी जास्त उडून ते कडक होते. नागपूरचा उन्हाळा यातील दुसऱ्या टोकाचा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९° से. तापमान नोंदले गेले, आणि मे महिन्यात दुपारची हवा अगदी कोरडी असते. पावसाळ्यात हेच शहर पहिल्या टोकाकडे झुकते. अशा ठिकाणी पिंप ठेवले तर तत्त्वतः ते वर्षभरात दोन्ही दिशांनी झुलेल. यावरून बाटलीवरच्या वयाच्या आकड्याला किती किंमत द्यावी हे लक्षात येते.

या आकड्याचे अर्थही देशागणिक बदलतात. जमेकात तो मिश्रणातील सर्वांत कोवळ्या घटकाचा असतो. ग्वातेमालातील झाकापा या रमवरील २३ हा आकडा मात्र तेवीस वर्षांचा नव्हे. ‘सोलेरा’ पद्धतीत कोवळे-जुने थर एकमेकांत मिसळत जातात, आणि या मिश्रणात सहा वर्षांपासूनचा माल असतो. रंगावरून वय ओळखू नये, कारण जळक्या साखरेचा रंग घालण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे. गोडी ही त्याहून मोठी फसगत. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही, त्यामुळे भट्टीतून निघालेली रम गोड नसते. जिभेवर सरबतासारखी लागणारी रम नंतर गोड केलेली असते. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमांत ही भर लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत मर्यादित केली. घनतामापीने ही लबाडी पकडता येते. साखरेने घनता वाढते, त्यामुळे उपकरण लेबलवरील टक्क्यांपेक्षा कमी टक्के दाखवते.

भारतीय बाटल्यांवरील ४२.८ टक्के या विचित्र आकड्याचे मूळ जुन्या ब्रिटिश प्रूफ मोजणीत आहे. १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहॉल. त्याखाली २५ अंश, म्हणजे ७५ प्रूफ, म्हणजे ४२.८. मोजणी कालबाह्य झाली, आकडा राहिला. महाराष्ट्रातील देशी दारूही याच तीव्रतेने विकली जाते, आणि तीही बहुतांशी मळीच्या मद्यार्काची. ‘संत्रा’ या स्वादाची देशी ही वंशाने रमची न मुरवलेली चुलत बहीणच. नागपुरात या शब्दाचा अर्थ संदर्भावरून घ्यावा लागतो.

तुलनेसाठी प्रातिनिधिक शैली थोड्या आहेत. बार्बेडोसची रम पॉट व स्तंभ यांच्या मिश्रणाची, समतोल. माउंट गे या तेथील मद्यशाळेच्या जुनेपणाला आधार १७०३ च्या एका दस्तऐवजाचा. मार्टिनिकची रम ताज्या रसाची, गवताळ वासाची. तिला १९९६ मध्ये फ्रेंच नामसंरक्षण मिळाले. क्यूबा आणि मध्य अमेरिकेकडील हलकी. गियानातील डेमेरारा रमकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. तेथील डायमंड मद्यशाळेत पोर्ट मूरंट, व्हर्साय आणि एन्मोर या बंद पडलेल्या मळ्यांवरील लाकडी ऊर्ध्वपातके आजही चालतात. लाकडाच्या अंगाची भट्टी जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. पोर्ट मूरंटच्या मालाला बडीशेप, जळका गूळ आणि ओल्या लाकडाचा दाट वास असतो. १८३८ पासून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्या भारतीयांनी याच प्रदेशातला ऊस तोडला. क्रिकेटप्रेमींना पोर्ट मूरंट हे नाव रोहन कन्हाय यांचे गाव म्हणून माहीत असते.

भारतात १९५४ मध्ये बाजारात आलेली ओल्ड मंक ही सात वर्षे मुरवलेली म्हणून ओळखली जाते. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा तिचा वास अनेकांच्या मनात रमचाच वास होऊन बसला आहे, त्यामुळे नवख्याला बार्बेडोसची कोरडी रम ‘व्हिस्कीसारखी’ लागते. बेंगळुरूच्या अमृत या मद्यकंपनीने गुळाचे मद्य कॅरिबियन रममध्ये मिसळून ‘टू इंडीज’ काढली. हरियाणातील इंद्री येथील ‘कामिकारा’ ही उसाच्या रसाची बारा वर्षे मुरवलेली रम. येथे चरकाचा कच्च्या-पक्क्या रसाचा भेद पुन्हा आठवावा. तिची तुलना मळीच्या रमशी केल्यास निष्कर्ष उसाविषयी निघेल, मुरण्याविषयी नव्हे.

प्रत्यक्ष आस्वादनासाठी वर निमुळता होणारा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास, प्रत्येकी १५ ते २० मि.लि. माल आणि साधे पाणी पुरते. क्रम सौम्याकडून कडकाकडे आणि कमी एस्टरांकडून जास्तीकडे ठेवावा, नाहीतर जमेकाच्या एका ग्लासानंतर पुढचे सगळे मुके वाटतात. ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. नाक ग्लासात खुपसू नये, तोंड किंचित उघडे ठेवून वरून वास घ्यावा. पहिला घोट जीभ सरावण्यापुरता, दुसऱ्यावर मत बनवावे. मग थेंबभर पाणी घालावे. २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीवरून दाखवले, की व्हिस्कीतील ग्वायकॉल हे धुरकट वासाचे द्रव्य पातळ केलेल्या मद्यात पृष्ठभागाकडे सरकते. रमच्या एस्टरांना ते तसेच लागू धरता येत नाही, तरी अनुभव विरुद्ध जात नाही. बाटल्या झाकून ठेवल्या तर किंमत आणि आकडा यांचा प्रभाव टळतो. चारांहून अधिक नमुने असतील तर थुंकण्यासाठी भांडे ठेवावे. नागपुरी बैठकीत या भांड्याला हमखास हसतात.

नागपुरात काही अडचणी स्थानिक आहेत. मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास इतका भरून असतो की रमचा नाजूक भाग हाती लागत नाही, आणि ३५ अंशांच्या खोलीत अल्कोहॉलचा झणका आधी नाकात शिरतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्यासाठी योग्य. खर्रा खाल्लेल्या तोंडाला ओकचा तुरटपणा वेगळा कळत नाही, कारण सुपारीने जीभ आधीच आवळलेली असते. सावजी मटण नंतर. ‘बसणे’ या क्रियापदात चखणा गृहीत असतो, आस्वादनात तो फुटाण्यांपलीकडे जाऊ नये.

वर्णनाची भाषा इंग्रजीतून उसनी घेतली जाते, त्यात टॉफी, प्रून आणि मार्मलेड येतात. आयुर्वेदातील सहा रसांपैकी कषाय, म्हणजे तुरट, हा ओकच्या टॅनिनासाठी नेमका शब्द आहे. कडू आणि तुरट यांतला भेद मराठी जीभ सहज करते. मद्याचा ‘तिखटपणा’ ही चव नसून दाह आहे, हेही लक्षात ठेवावे. वासांसाठी काकवी, चुलाणावरचा गूळ, चिंचेचा कोळ, ओली सुपारी, पिकून काळे पडलेले केळे, सुकलेली मोहफुले हे शब्द येथील माणसाला टॉफीपेक्षा अधिक नेमके सांगतात. संत्र्याच्या सालीचा वास जुन्या रममध्ये वारंवार येतो. तो सोललेल्या ताज्या सालीचा की वाळलेल्या, एवढे सांगितले तर वर्णन पुरेसे होते.

नागपूर शहरातील रमचा परिचय बराचसा लष्करी वाटेने झालेला दिसतो. कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये कामठी छावणी वसली आणि तेथे मद्रास सैन्याच्या पलटणी राहत. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. निवृत्त फौजीकडची ‘कॅन्टीनची’ बाटली चांगलीच, हा समज त्यातून आला असावा. रम एकच असते, कर वेगळा. राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असणे आणि परवाना बाळगणे आवश्यक आहे. शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीखाली आहे, त्यामुळे नागपुरात घेतलेली बाटली बुटीबोरीच्या पुढे वर्धा जिल्ह्यात नेता येत नाही.