पफ: कोल्ड स्टोरेजमधून घराच्या स्लॅबवर

ऊन अडवायला गच्चीवर फवारतात त्या पॉलियुरेथेन फोमला (इंग्रजीत PUF) नाशकात सगळे 'पफ'च म्हणतात. द्राक्षाच्या प्रीकूलिंगच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या भिंती त्याच्याच पॅनेलच्या असतात. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत लावला. पुढे तो फ्रिजच्या भिंतीत शिरला. गच्चीवरचा फोम त्याच जातीचा.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना त्याची गरज नव्हती. जाड विटामातीच्या भिंती आणि धाब्यावरचा मातीचा थर दुपारचं ऊन आत पोचू देत नसत. मग पाच इंची आरसीसी स्लॅब आले. ते दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खालच्या खोलीत सोडत राहतात. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, पाणी अडवण्यासाठी आणि उतारासाठी. उष्णता तो थोडीच अडवतो.

घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या 'इको निवास संहिता' २०१८ या नियमावलीने छतातून जाणाऱ्या उष्णतेला १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन ही मर्यादा घातली. उघड्या स्लॅबचा आकडा साधारण तीनच्या पुढे असतो. २५ मिमी क्लोज्ड सेल (बंद पेशींचा) फोम तो एकाखाली आणतो. म्हणून ४० मिमीच्या पुढे पैसे घालू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. गच्चीवर वावर असेल तर घनता घनमीटरला ४० ते ४५ किलो हवी.

फोम फुगवणाऱ्या वायूचाही इतिहास आहे. आधी सीएफसी-११ होता. तो ओझोनच्या थराला मारक, म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला, त्यानंतर एचसीएफसी-१४१बी आला. १ जानेवारी २०२० पासून भारतात त्याची आयातही बंद झाली. आता एचएफसी, एचएफओ किंवा पाण्यावर फुगवलेला फोम मिळतो. पाण्यावरचा उष्णता थोडी जास्त जाऊ देतो, त्यामुळे कोटेशनमध्ये वायू लिहून घ्या.

काम बिघडतं ते बहुधा ओलीमुळे. फोम आयसोसायनेट आणि पॉलिऑल या दोन द्रवांपासून बनतो. आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की वायू सुटतो, फोम फुगून स्लॅबपासून सुटतो. स्लॅबवर एक मीटर लांब-रुंद प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबा. फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. एका हाताला १२ ते १५ मिमीच मारायचा. जाड थर आतून तापून करपतो.

एक तुकडा कापून पाहावा. पेशी बारीक आणि सारख्या हव्यात. चुरा होत असेल तर आयसोसायनेट जास्त झालंय. मऊ, चिकट आणि माशासारखा वास येत असेल तर पॉलिऑल. दोन्हींचं प्रमाण आकारमानाने १:१ असतं.

ऊन लागलं की फोम तपकिरी होऊन त्याची भुकटी पडते, म्हणून लगेच कोटिंग किंवा कोबा करावा. पत्र्याखाली आतून मारला तर तो जिप्सम बोर्डने झाकावाच, कारण हा फोम पेट घेतो. आणि फवारणीनंतर २४ तास त्या घरात कोणी राहू नये.