बरोक ऑपेराच्या ध्वनिमुद्रणांतील आवाजांची फेरनिवड
बरोक ऑपेरातील, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय संगीतनाटकांतील, एखादी भूमिका संगीतकाराने ज्या जातीच्या आवाजासाठी लिहिली, त्याहून वेगळ्या आवाजात ती ध्वनिमुद्रित करण्याची ही पद्धत आहे. अठराव्या शतकातील इटालियन ऑपेरात नायकाची भूमिका बहुधा कास्त्रातो गात. आवाज फुटण्याआधीच शस्त्रक्रिया केल्यामुळे या पुरुषांचा आवाज प्रौढपणीही उंच पट्टीतच राही. त्यांची परंपरा संपल्यावर त्या भूमिका कोणी गाव्यात, हा प्रश्न मागे राहिला.

संगीतकार हँडेलचा ‘जूलिओ चेझारे’ (ज्यूलिअस सीझर) हा ऑपेरा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. २० फेब्रुवारी १७२४ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगात सीझर गायला तो सेनेसिनो हा कास्त्रातो, तर रोमन सेनानी पाँपीची विधवा कोर्नेलिया हिचा तरुण मुलगा सेस्तो गायली ती मार्गेरिता दुरास्तांती ही स्त्री. जर्मनीतील गटिंगन येथे १९२२ मध्ये या ऑपेराचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा सेनापतीला भारदस्त पुरुषी आवाजच शोभतो या समजुतीने सीझर बॅरिटोनकडे, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीच्या पुरुष गायकाकडे, गेला. वाद्यवृंदसंचालक कार्ल रिश्टर यांच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणातही डीट्रिश फिशर-डीस्काउ सीझर गातात आणि पेटर श्रायर हे टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, सेस्तो.

एवढ्या थोर गायकांच्या गाण्यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. मात्र भूमिका एक सप्तक खाली उतरवल्याने केवळ आवाजाचा रंग पालटत नाही, संगीताची वीणच बदलते. पहिल्या अंकाच्या शेवटी कोर्नेलिया व सेस्तो यांचे ‘सोन नाता आ लाग्रिमार’ हे युगुलगीत आहे. त्यात मुलाचा आवाज आईच्या आवाजाच्या किंचित वर, तिला बिलगून चालतो आणि दोघांचे दुःख एकाच श्वासातून उमटल्यासारखे वाटते. टेनरने तेच गायले की मुलगा आईच्या खाली जातो, त्यांच्यातील तिसऱ्या स्वराचे अंतर सहाव्या स्वराचे होते आणि ती बिलगण सुटते. सीझरचा आवाजही खाली आल्यावर चेलो या खालच्या पट्टीतील तंतुवाद्याच्या टापूत शिरतो.

हँडेल स्वतः आवाज बदलत असे, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १७२५ मध्ये त्याने सेस्तोची भूमिका बोरोसिनी या टेनरकडे दिली, पण त्यासाठी तिच्यात फेरफार करून नवी गीतेही रचली. त्याउलट उंची कायम ठेवायची असेल, तर पुरुषाची भूमिका स्त्रीला देण्यात त्याला काहीच वावगे वाटत नसे; एप्रिल १७२० मध्ये त्याच्याच ‘रादामिस्तो’ या ऑपेराचा नायक दुरास्तांतीच गायली होती. त्यामुळे सीझरच्या भूमिकेत स्त्री ऐकताना आजचा श्रोता क्षणभर चपापला, तरी सप्तक न हलवणारी ती निवड बॅरिटोनपेक्षा मूळ रचनेच्या कितीतरी जवळची आहे.

चार्ल्स मॅकेरास यांच्या १९८० च्या दशकातील इंग्रजी भाषेतील ध्वनिमुद्रणात जॅनेट बेकर सीझर झाल्या. रने याकोब्स यांच्या १९९१ च्या ध्वनिमुद्रणात जेनिफर लार्मोर सीझर गातात व काउंटरटेनर (स्त्रीच्या उंच पट्टीत गाणारा पुरुष) डेरेक ली रॅगिन इजिप्तचा राजा तोलोमेओ. त्यात सेस्तोची भूमिका मारिआने रोरहोल्म या गायिकेकडे असल्याने ‘सोन नाता’मधील मुलाचा आवाज पुन्हा आईच्या वर ऐकू येतो.