नेट गेलं? आम्हाला फोन लावायच्या आधी

नमस्कार ग्राहकहो,

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा फोन तीन शब्दांचा असतो: "भाऊ, नेट गेलं." आता चोपड्याला किंवा पाचोऱ्याला माणूस पाठवायचा म्हणजे आमचा अर्धा दिवस जातो आणि तुमचं बिलिंग तोवर अडून बसतं. तिथं जाऊन पुष्कळदा निघतं काय, तर झाडू मारताना सुटलेली वायर. तिचे व्हिजिटचे पैसे घेताना आम्हालाच अवघडल्यासारखं होतं.

म्हणून रविवारी सकाळी दोन तास, जळगावच्या आमच्या दुकानात, नोकरी-धंदा करणाऱ्यांना नेटवर्किंगचा पाया शिकवतो. अकाउंटंट, शाळेतले क्लार्क, दुकानातली पोरं, कुणीही या. ग्राहकांना फी नाही.

शिकवतो ते एवढंच, की नेट कुठपर्यंत आहे आणि कुठून पुढे नाही, हे कसं शोधायचं. आधी वायर जिथं लागते तिथला दिवा पाहायचा. तो बंद असेल तर बाकी डोकं चालवूच नका, आधी वायर बघा. या केबलमध्ये ८ तारा, ४ जोड्या असतात आणि एका पल्ल्यात ती १०० मीटरपर्यंतच धरायची. डाळ मिलच्या ऑफिसातून थेट मागच्या गोदामापर्यंत ओढली, की रडगाणं सुरू. मधे स्विच (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा) टाकावा, नाहीतर फायबर, म्हणजे काचेच्या तारेची केबल.

दिवा लागलाय तरी चालत नाही? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा ठीक. १६९.२५४ दिसलं तर समजा, कॉम्प्युटरनं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक लावून घेतला. पत्ते वाटायचं काम राउटर करतो, या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. आणि राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता तुमच्याकडेही असेल, शेजाऱ्याकडेही. मारुतीचं देऊळ जसं गावोगावी असतं. हे पत्ते घरातल्या घरात चालतात, बाहेर नाही.

सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात निम्मे कॉम्प्युटर चालायचे, निम्मे नाही, आणि रोज वेगळे. दोन फेऱ्या मारल्या तरी आम्हाला उमगलं नाही. तिसऱ्या फेरीत कपाटामागे जुना राउटर सापडला. वायफाय वाढावं म्हणून कुणीतरी स्विचला जोडून दिला होता. पत्ते वाटणारे दोघं झाले. ज्याला जो आधी भेटला त्याचा पत्ता त्यानं घेतला. क्लासमध्ये हा गोंधळ आम्ही मुद्दाम करून दाखवतो.

पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे ping टाइप करून पुढे त्याचा पत्ता द्या आणि उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला, हा बाहेरचा गूगलचा पत्ता (टाइप करताना आकडे इंग्रजी). राउटर उत्तर देतो पण बाहेरून काही येत नाही, तर फोन आम्हाला नको, नेट कंपनीला करा. आकड्याला उत्तर येतं पण वेबसाइट उघडत नाही, तर बहुधा डीएनएस. ती मोबाइलमधल्या काँटॅक्टसारखी सोय आहे: नाव सांगा, नंबर काढून देते. काँटॅक्ट उडाले तरी फोन लागतो, नंबर पाठ हवा.

१०० एमबीपीएसच्या प्लॅनला फाइल सेकंदाला साडेबारा एमबीच उतरते, कारण प्लॅन बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि ८ बिटांचा एक बाइट. यावरून भांडू नका.

उन्हाळ्याचं मात्र आवर्जून सांगतो. बहुतेक लहान राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली, वर धुळीसाठी फडकं टाकून ठेवलेला राउटर दुपारी दोनला बंद पडतो नि रात्री आपोआप चालू होतो. भुताटकी नाही ती. फडकं काढा.

येताना तुमच्या राउटरचा मागच्या बाजूचा फोटो काढून आणा. पासवर्डचं लेबल तेवढं बोटानं झाकून घ्या.