इनहेरिटन्स (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग)

एका क्लासमधील माहितीची क्षेत्रे आणि मेथड पुन्हा न लिहिता दुसऱ्या क्लासला उपलब्ध करून देणारी व्यवस्था. पहिल्यास बेस क्लास, तर दुसऱ्यास सबक्लास म्हणतात. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती व तिच्यावरील कृती एकत्र ठेवणारा प्रोग्रॅममधील घटक; क्लास हा अशा ऑब्जेक्टचा साचा, तर मेथड ही त्यातील कृती.

या कल्पनेचा उगम सामान्यतः सिम्युला ६७ या प्रोग्रॅमिंग भाषेत मानतात. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांना ती १९६६ च्या अखेरीस किंवा १९६७ च्या आरंभी सुचली असावी. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळील परिषदेत त्यांनी ती निबंधरूपाने मांडली. पथकर नाक्यावरील रांगेत ट्रकही असतो आणि बसही. रांगेत जोडले जाण्याची सोय दोघांना सारखीच लागते, इतर तपशील मात्र भिन्न असतात, अशा स्वरूपाच्या प्रश्नातून ही गरज निर्माण झाली. श्रेयाचा काही भाग संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्याकडेही जातो, कारण १९६६ च्या व्याख्यानांत त्यांनी रेकॉर्डचे (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या नोंदींचे) पोटवर्ग सुचवले होते आणि डाल-न्यूगार्ड यांनी हे ऋण मान्य केले आहे. परंतु होअर यांच्या योजनेत पोटवर्गांची यादी मूळ वर्गाच्या व्याख्येतच द्यावी लागे व त्यांना स्वतःच्या मेथड नव्हत्या. सिम्युलात मूळ क्लासला हात न लावता त्याचे नाव नव्या क्लासच्या आधी लिहिले की पुरत असे. आजचा इनहेरिटन्स या दुसऱ्या रूपाला अधिक जवळचा आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या ग्रंथालय चळवळीमुळे बडोद्यात वाचनालयाचे उदाहरण सहज सुचते. तेथील एखाद्या मराठी वाचनालयासाठी ‘सभासद’ हा क्लास केला (पायथन ३ मध्ये क्लासला देवनागरी नावही चालते), त्यात नाव, क्रमांक आणि दिवसाला २ रुपये आकारणारी ‘विलंबशुल्क’ ही मेथड ठेवली, आणि त्यावरून ‘विद्यार्थी’ हा सबक्लास काढून त्यात फक्त विलंबशुल्क १ रुपया दराने पुन्हा लिहिले, तर पुस्तक १० दिवस उशिरा आणणाऱ्या विद्यार्थ्याला २० ऐवजी १० रुपये पडतात. मेथडचा शोध प्रथम ‘विद्यार्थी’मध्ये घेतला जातो, तेथे ती नसेल तरच ‘सभासद’कडे जावे लागते. सबक्लासने मेथड अशी बदलण्यास ओव्हररायडिंग म्हणतात.

एकाहून अधिक बेस क्लास असावेत की नाही, याबाबत भाषांमध्ये एकवाक्यता नाही. सी प्लस प्लस व पायथन त्यास अनुमती देतात. जावामध्ये बेस क्लास एकच असतो, इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड पुरवाव्यात हे सांगणारी घोषणा) मात्र अनेक चालतात.

केवळ मजकूर वाचवण्यासाठी इनहेरिटन्स वापरणे इष्ट नव्हे. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, जेथे बेस क्लासचा ऑब्जेक्ट चालतो तेथे सबक्लासचाही बिनतक्रार चालला पाहिजे. वरील ‘सभासद’मध्येच ‘नूतनीकरण’ ही मेथड घातली आणि ‘आजीव सभासद’ हा सबक्लास केला, तर वर्षअखेरीस सर्व सभासदांवर ती चालवणारा प्रोग्रॅम पहिल्याच आजीव सभासदापाशी अडतो, कारण त्याची वर्गणी कधी संपतच नाही. अशा वेळी आजीव सभासदाच्या मेथडमध्ये अपवाद कोंबण्यापेक्षा ‘सभासद’खाली ‘वार्षिक सभासद’ हा मधला क्लास करून नूतनीकरण त्यात हलवावे, आणि ‘विद्यार्थी’ त्यावरून काढावा.