लाकडी सेहिया: शब्द, श्रेय आणि खुंटी

गिटारच्या मानेवर आडवी बसवून सगळ्या तारा एकाच पडद्यावर दाबायची, म्हणजे सगळा सूर वर चढवायची जी वस्तू, ती कापो. पण फ्लेमेंको (दक्षिण स्पेनमधलं गाणं, नाच आणि गिटार) वाजवणारा कापो म्हणत नाही, सेहिया म्हणतो. स्पॅनिशमध्ये सेहा म्हणजे भुवई, सेहिया म्हणजे छोटी भुवई (हा उच्चार दक्षिणेतल्या आंदालुसियाकडचा, माद्रिदला थेखिया ऐकू येईल). आता घोळ असा की स्पेनमध्ये आडवं बोट टाकून सहाही तारा दाबण्यालाही सेहियाच म्हणतात, आणि सेहा हा शब्द गिटारच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीला, म्हणजे नटलाही लागतो. इटालियनमध्येही तेच झालंय, कापोतास्तो म्हणजे पडद्यांची सुरुवात, आणि 1640 मध्ये एका इटालियन पंडिताने तो शब्द लिहिला तो नटसाठी, सरकवता येणाऱ्या पट्टीसाठी नाही. म्हणजे जुन्या कागदात शब्द सापडला की वस्तू सापडली असं धरून चालत नाही. सेहिया लावून वाजवलं असं कुणी लिहून ठेवलं असेल तर ते लाकूड होतं की बोट, हे पुढचीमागची वाक्यं वाचूनच ठरवावं लागतं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे श्रेयाचा वाद. एकोणिसाव्या शतकात आंदालुसियातल्या कादिस शहरात एक नामांकित साथीदार गिटारवादक होऊन गेला आणि सेहिया त्यानेच शोधली असं आजही सर्रास लिहिलं जातं. मला हे पटत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लिश गिटारच्या मानेतच आरपार भोकं पाडलेली असायची, त्यातून स्क्रू घालून पट्टी कसायची, अशी वाद्यं आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका गिटार बनवणाऱ्याने 1850 मध्ये कापोचं पेटंटसुद्धा घेतलं होतं. तेव्हा शोध वगैरे नाही, फार तर त्याने ती गाण्याच्या साथीत रुळवली म्हणा. पण माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे, कारण वस्तू आधीपासून होती, गरज मात्र फ्लेमेंकोत येऊन खरी झाली.

गरज होती गाणाऱ्याच्या गळ्याची. साथीचे मुख्य हात (म्हणजे डाव्या हाताच्या बोटांची ठेवण) दोनच, पोर आरिबा म्हणजे मी च्या आकारात (मी हा त्यांचा ई) आणि पोर मेदिओ म्हणजे ला च्या आकारात (ला म्हणजे ए). फा (म्हणजे एफ) वरून मी वर उतरताना वरच्या तारा मोकळ्या वाजत राहतात, त्या फा ला घासतात, आणि ती घासच फ्लेमेंकोचा रंग आहे. बोट आडवं टाकून सूर चढवला की मोकळ्या तारा संपल्या, रंग गेला, शिवाय रात्रभर साथ करायची तर डावा हात भरून येतो तो वेगळाच. सेहिया लावली की आकार तोच राहतो, मोकळ्या तारा राहतात आणि सुराची पट्टी गळ्याला जमेल तिथे सरकते. आपल्याकडे गायक काळी चार, पांढरी पाच सांगतो, तिकडचा गायक सूर सांगतच नाही, तो म्हणतो "दोनला, पोर मेदिओ", म्हणजे सेहिया दुसऱ्या पडद्यावर आणि हात ला चा. गंमत बघा, दोनला पोर मेदिओ आणि सातला पोर आरिबा दोन्हीकडे आधारसूर पांढरी सातच येतो, पण गिटारचा आवाज एकदम वेगळा, एकीकडे भारदस्त आणि दुसरीकडे बारीक, चमचमीत. जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या ऐकून हात कुठला होता ते मोकळ्या तारांवरून कळतं, पडदा कुठला ते मात्र छातीठोक सांगता येत नाही, कारण तबकडीच्या वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की अख्खा अर्धा सूर सरकतो.

सेहियाची घडण साधीच. कडक लाकडाचा ठोकळा, खाली चामडं, मधोमध भोकात निमुळती खुंटी, आणि एक नायलॉनची तार जी मानेमागून फिरून खुंटीला गुंडाळते, मानेला ओरखडा नको म्हणून तिच्याखाली चामड्याचा तुकडा. फ्लेमेंको गिटारचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची फळी) सपाट असतो म्हणून सरळ ठोकळा चालतो, गोलसर फिंगरबोर्डच्या स्टील तारांच्या गिटारवर तो नीट बसणार नाही. मी एक जुन्या शिसवी खुर्चीच्या पायातून केली आणि खरं सांगतो, ठोकळा तासायला एक दुपार पुरली पण खुंटी बसवायला तीन रविवार गेले. भोक आणि खुंटी दोन्हींचा उतार तंतोतंत जुळावा लागतो. जुळला नाही की खुंटी एकाच कडेला धरते, दोन पिळे देईपर्यंत ठीक आणि मग वाजवताना सटकन सुटते. शेवटी तानपुऱ्याच्या खुंटीला लावतात तसा खडू लावला तेव्हा कुठे धरली. चामड्याचंही तसंच, जाड घेतलं तर आवाज मेल्यासारखा, फार पातळ घेतलं तर तार झणझणते. महिनाभर वाजवल्यावर चामड्यावर खालच्या तीन गुंडाळीच्या तारांचे चर उमटतात, मग ते बदलायचं.

विसाव्या शतकात गिटारच्या डोक्यावरच्या लाकडी खुंट्या मागे पडल्या, दातेरी मशीन आल्या, आता खुंट्यांची गिटार मुद्दाम सांगून बनवून घ्यावी लागते. सेहियावर खुंटी टिकली. नंतर रबरी पट्ट्याचे, स्प्रिंगचे, स्क्रूचे कापो आले आणि एका हाताने क्षणात लागणारा स्प्रिंगवाला स्टेजवर सोयीचा आहेच, त्यात वाद नाही. पण त्याचा दाब त्याच्या स्प्रिंगचा, तुमचा नाही. खुंटी पाव पिळाने कमीजास्त करता येते, तारा बेसूर न होता जेमतेम दाबल्या जातात, आणि मानेमागे अंगठ्याला आडवं येणारं धूड नसतं. एकल वादकही ती हल्ली सर्रास लावतात, गाणारा नसला तरी, कारण दोन-तीन पडदे वर तारा फिंगरबोर्डला आणखी चिकटून बसतात आणि बोल कोरडा, टणक येतो.

लाकडाचा प्रश्न मात्र अलीकडचा. ब्राझीलच्या रोजवुडच्या (शिसवाच्या जातीचं लाकूड) आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 मध्ये जवळपास बंदी आली, आणि जानेवारी 2017 पासून त्या कुळातली बाकीची लाकडंही परवान्याच्या यादीत गेली, त्यात आपल्या सह्याद्रीतलं शिसवही आलं, जे स्पेनमधले कारागीर गिटारच्या पाठीला आणि सेहियाला कितीतरी वर्षं वापरत होते. बोटभर ठोकळा विकणाऱ्यालाही परदेशी पाठवताना कागदपत्रांची चिंता. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग यांना सूट मिळाली तेव्हा जरा सुटका झाली, पण कच्च्या लाकडाचे नियम आहेतच, म्हणून आता बरेच जण ऑलिव्हकडे वळलेत, जे त्यांच्या दारातच उगवतं.