प्रवासात लिहिण्याची यंत्रे आणि देवनागरीला झालेला उशीर

मराठेशाहीतला कारकून स्वारीबरोबर निघाला की कलमदान त्याच्या सोबत असे. दौत आणि बोरू एकत्र, बस म्हटले तिथे बैठक. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायची, म्हणून ही लिपी घाईच्या लिखाणाला सोयीची. घराबाहेर लिहिण्याच्या बाबतीत आपण तेव्हा कुणाच्या मागे नव्हतो. थॉमस जेफरसनने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये लिहिला, तोही स्वतः आखणी करून घेतलेल्या घडीच्या लाकडी मेजावर. कागद, शाई, लेखणी हे सगळे त्याच्याच खणात.

अंतर पडले ते टाइपरायटर आल्यावर. १९१२ च्या कोरोना ३ या यंत्राचा वरचा भाग पुढे दुमडून कळांवर बसायचा. वजन तीन किलोच्या आत. पहिल्या महायुद्धाच्या बातमीदारांनी ते आघाडीवर नेले. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडची हर्मिस बेबी आली आणि १९५० मध्ये इटलीची ऑलिव्हेटी लेटेरा २२. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन लिहिणाऱ्याला आता बॅगेत मावणारे छापयंत्रच मिळाले.

संगणकाची सुरुवात मात्र जडच झाली. १९८१ चा ऑस्बोर्न १ ‘उचलून नेण्याजोगा’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन साधारण ११ किलो, पडदा ५ इंची आणि विजेचा प्लग शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. खरी कलाटणी १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० ने दिली. बनवले जपानच्या क्योसेराने, विकले अमेरिकेच्या टँडीने. ए-४ कागदाएवढा आकार, दीड किलोच्या आसपास वजन, टाइपरायटरसारख्या पूर्ण कळा, आणि पडद्यावर ४० अक्षरांच्या फक्त ८ ओळी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे चार पेन्सिल सेल टाकले की २० तासांच्या आसपास काम भागे. सुरू होण्यासाठी थांबावे लागत नसे. बटण दाबले की कालचा मजकूर समोर. मोडेम आतच होता. त्यामुळे सामना संपला की बातमीदार तिथेच बातमी लिहायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला तीसेक अक्षरांच्या वेगाने कचेरीत पाठवायचा. आजच्या हिशेबाने हा वेग काहीच नाही, पण एका बातमीला तो पुरे होता. बाहेर लिहिणाऱ्याला नेमके काय लागते, हे इतके अचूक ओळखणारे यंत्र माझ्या मते आधी झाले नव्हते, नंतरही क्वचितच झाले.

त्याच वाटेने अल्फास्मार्ट हे कळफलक आणि छोटा पडदा एवढेच असलेले, निव्वळ लिहिण्याचे यंत्र आले. अॅपलमधून बाहेर पडलेल्या केतन कोठारी आणि जो बॅरस यांनी ते १९९३ मध्ये शाळांसाठी बाजारात आणले. केबलने संगणकाला जोडले की ते स्वतःच कळफलक असल्यासारखे एकेक अक्षर पलीकडे टंकत जाई. २००४ चे निओ हे मॉडेल तीन सेलवर ७०० तास चाले. २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. लेखक मंडळी अजूनही जुनी निओ शोधून विकत घेतात.

या काळात मराठी लिहिणारा काय वापरत होता? कागद आणि पेन. देवनागरी टाइपरायटर होते. पण ते मुख्यतः कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेरच्या टंकलेखकांच्या टेबलांवर. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ‘भ’ साठी आधी अर्धा ‘भ्’ आणि मग काना अशा दोन कळा दाबाव्या लागत. ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘श’ यांचेही तेच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. ही शिकून, परीक्षा देऊन मिळवायची विद्या होती. कविता किंवा लेख लिहिणारे सहसा तिच्या वाटेला जात नसत. तालुक्याचा बातमीदार हाताने लिहिलेले पाकीट एसटीने पाठवायचा आणि छापखान्यात कुणीतरी ते अक्षर लावून घ्यायचा.

संगणकावरची देवनागरीही आधी टेबलाला बांधलेलीच राहिली. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा सरकारी प्रमाण कळफलक ठरला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि तिथले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर मराठी उमटू लागली. पण प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी. एका यंत्रावर लिहिलेला लेख दुसऱ्यावर उघडला की चिन्हांचा नुसता कचरा दिसे. बाहेरगावी लिहून आणलेला मजकूर घरी वाचता येईलच याची खात्री नसेल, तर यंत्र हलके असून काय उपयोग? सगळ्या यंत्रांवर अक्षरांची एकच सांकेतिक मांडणी ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. ती रोजच्या वापरात रुजायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली.

शेवटी मराठीला बाहेर लिहिण्याचे यंत्र मिळाले ते मोबाइलच्या रूपात. जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसू लागली, कळफलक फुकट मिळू लागले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. आज एसटीत बसून अंगठ्याने लेख लिहिणारे कितीतरी आहेत, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र निव्वळ लिहिण्यापुरत्या यंत्राचा तो मधला टप्पा मराठीच्या वाट्याला आलाच नाही. ज्या फोनवर आपण लिहितो, त्यावरच निरोप, बातम्या आणि व्हिडिओ येत राहतात. कळांवर इनस्क्रिप्टची अक्षरे कोरलेले, साध्या सेलवर आठवडाभर चालणारे छोटे यंत्र बनवणे तांत्रिकदृष्ट्या आता अजिबात अवघड नाही, आणि ते मागण्याइतके मराठी लिहिणारे नक्कीच आहेत.